अंडी बंद, आठवडा पाचवा

आमच्या ह्यांचं वजन सत्तावन्न किलोवरून एकोणपन्नासवर आलं, तेव्हा पोटाच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "आतड्याला सूज आहे. गोळ्या देतो, पण गोळ्या अर्धंच काम करतील. उरलेलं अर्धं तुमच्या स्वयंपाकघरात. सहा आठवडे कडक पथ्य करा. सहा आठवड्यांनी इथल्या काट्यावर पंचेचाळीसच्या खाली दिसलात, तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल."

जिन्याच्या वळणावर हे कठड्याला धरून थांबले आणि म्हणाले, "नळी नको."

नको तर मलाही होती. माझ्या सासऱ्यांना शेवटी नळी घातली होती, आणि ते ती उपसून काढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्टीनं बांधून ठेवले होते. सासरे पुस्तकं बांधायचे, हेही बांधतात. सगळी गल्ली ह्यांना बाइंडर म्हणूनच ओळखते. त्या बांधलेल्या हातांची बोटं चादरीची घडी घालायला बघायची, छापील कागदाचा फर्मा दुमडतात तशी. ते मी एकदा पाहिलंय. दुसऱ्यांदा पाहायची माझी तयारी नव्हती.

त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर आहाराच्या बाई बसतात. वय असेल तीस. आम्हाला आजी-आजोबा म्हणते, गोड बोलते, आणि प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये सांगते. मी पहिल्याच दिवशी तिचं नाव ग्रॅमबाई ठेवलं.

"आजोबा, प्रथिनं कशातून घेता?"

"म्हणजे?"

"अंडी, मांस, डाळी..."

"अंडी," हे छाती काढून म्हणाले. "रोज. कळायला लागल्यापासून."

का, ते तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आमच्या घरात त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. पुस्तकाच्या चामड्याच्या कण्यावर सोनेरी नाव उठवायचं, तर आधी त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात द्यावा लागतो. पांढरं फेटायचं, फेस बसू द्यायचा, कापडातून गाळायचं, त्यात व्हिनेगरचे दोन थेंब. ते बारीक ब्रशानं लावलं, वर सोन्याचा वर्ख ठेवला आणि तापवलेला पितळी ठसा दाबला, की अक्षर जन्मभर धरतं. आता त्याऐवजी बाजारात तयार द्रावण मिळतं, पण ह्यांचा त्यावर विश्वास नाही. मग बलकांचं काय करायचं? ते डब्यात घालून घरी. पांढरं दुकानात राहतं, पिवळं ताटात येतं, ही वाटणी सासऱ्यांच्या वेळेपासूनची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी इतके बलक शिजवले की मला वाटलं, ह्या माणसांच्या घरी कोंबड्या अर्धवट अंडी घालतात.

ग्रॅमबाईनं कागदावर रेघ मारली. "तर पहिलं म्हणजे अंडी बंद. शंभर टक्के. केकमधलं, बिस्किटातलं, सुपातलं, कणभरसुद्धा नाही. थोडं थोडं पोटात जात राहिलं, तर दोष अंड्याचा आहे की आणखी कशाचा, ते कळणारच नाही. शिवाय दूध, गहू, डाळी, कांदा, लसूण बंद."

"मग उरलं काय?" हे म्हणाले. "ताट?"

तिला हसू आलं. मला नाही आलं, कारण ते ताट मला भरायचं होतं.

"उरलं ना, आजोबा. भात, बटाटा, गाजर, भोपळा. आणि अंड्याची भरपाई. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं धरा. त्याच्या जागी वीस-पंचवीस ग्रॅम शिजलेली कोंबडी, नाहीतर तीसेक ग्रॅम मासा, नाहीतर पन्नास ग्रॅम टोफू. दिवसाला चार अंड्यांइतकं झालंच पाहिजे. आजी, एक वही करा. काय खाल्लं, पोट कसं, वजन किती, इतर काही त्रास. बारीकसारीकसुद्धा लिहा."

वही केली. माझं अक्षर मोठं, त्यामुळे एका दिवसाला एक अख्खं पान लागायचं. स्वयंपाकघरात पोळपाटाच्या जागी काटा आला. आयुष्यभर मुठीनं आणि नजरेनं स्वयंपाक केला, आता गाजराचा तुकडा काट्यावर चढवायचा, उतरवायचा, शेंडा कापायचा, पुन्हा चढवायचा.

पहिला आठवडा टोफूचा. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. दिसायला छान पांढरंशुभ्र. पहिला घास घेऊन हे बराच वेळ चावत राहिले.

"कसं आहे?"

"खोडरबर आहे."

"मीठ कमी झालं का?"

"खोडरबराला मीठ कुठे घालतात?"

मी ते तळून पाहिलं, कुस्करून पाहिलं, भोपळ्याच्या बिया वाटून त्यात घोळवून पाहिलं. दर वेळी उत्तर ठरलेलं. तळलेलं खोडरबर. कुस्करलेलं खोडरबर. बियांमध्ये घोळवलं त्या दिवशी म्हणाले, "ह्याला शिसपेन्सिलीचा चुरा लागलाय." आणि एवढं करून पोट दुखायचं ते दुखतच होतं. संध्याकाळी घरी आले की पोटावर उशी दाबून बसायचे. आठवड्याचं वजन अठ्ठेचाळीस किलो दोनशे.

दुसरा आठवडा कोंबडीचा. कांदा नाही, लसूण नाही, उकडलेली कोंबडी आणि गाजर. मी शेगडीजवळ उभी राहून धागा धागा सुटेपर्यंत शिजवायची, आणि हे ते धागे ताटात एका रेषेत लावून ठेवायचे, जसं काही त्या धाग्यांनी पुस्तक शिवणार आहेत.

"अहो, ते खायचं असतं."

"मोजतोय. पंचवीस ग्रॅमला किती धागे ते."

खालच्या मजल्यावर माझी नणंद राहते, ह्यांची थोरली बहीण. ती रोज दुपारी वर येऊन दारातच उभी राहायची. "अगं, किती हाडं दिसतात त्याची. तू त्याला खायला घालतेस की त्याचं माप घेतेस?"

"वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं? आमची आई चार बलक कुस्करून भातात घालायची, ढेकर यायचा थेट गल्लीच्या टोकापर्यंत."

दुसऱ्या आठवड्याचं वजन सत्तेचाळीस शंभर.

तिसऱ्या आठवड्यात मासे सुरू केले, आणि काय सांगू, जादू झाली. दुसऱ्याच दिवशी पोट शांत. चौथ्या दिवशी ह्यांनी भात पुन्हा मागून घेतला. संध्याकाळी उशी पलंगावर, हे गॅलरीत. त्या आठवड्यात तीनशे ग्रॅम वाढले. मी वहीत 'मासा' ह्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि ग्रॅमबाईला फोन केला.

"छान, आजी," ती म्हणाली. "अजून एक आठवडा बघा."

मी काय बघणार? मला उत्तर सापडलं होतं. चौथ्या आठवड्यात मी सकाळी मासा, दुपारी मासा, संध्याकाळी मासा केला. मासेवालीनं विचारलं, घरात मांजरं किती आहेत म्हणून. आणि पुन्हा पोट दुखायला लागलं. पहिल्यासारखंच, किंबहुना जास्त. तोच मासा, तीच कोळीण, तेवढेच ग्रॅम. वजन सेहेचाळीस दोनशे.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. माणूस चुलीपाशी चुकला तर त्याला चूक दाखवता येते. मी काट्यावर चुकत नव्हते, मिठात चुकत नव्हते, भांडीसुद्धा वेगळी ठेवली होती. म्हणजे चूक ताटाबाहेर होती. म्हणजे हा माणूस बाहेर काहीतरी खात होता.

पहिला संशय वन्संवर. मी खाली गेले तर त्यांच्या टेबलावर केक झाकलेला.

"वन्सं, ह्यातला ह्यांना दिलात?"

"दिला असता तर बरं झालं असतं. मागितला कुठे त्यानं?"

"खरं सांगा."

"ह्या वयात मी तुझ्याशी खोटं बोलू, ते केकसाठी?" त्यांनी केकवरचं झाकण इतक्या जोरात ठेवलं की केकच दबला. पुढचे चार दिवस त्या वर आल्या नाहीत. आमच्या घरात हा एवढाच काय तो आराम.

दुसरा संशय दुकानावर. दुकानात अंडी होती, हे मला माहीत होतं. वाचनालयाचे जुने खंड नव्यानं बांधायला आले होते, एकशे साठ, प्रत्येकाच्या कण्यावर सोनेरी नाव, वर्ष आणि क्रमांक. एरवी सोन्याचं काम रोज एखाद्या पुस्तकाचं. ह्या वर्षी ते दिवसभर चाललं होतं, पथ्याच्या थोडं आधीपासून. रोज सकाळी जाताना हे वाटेत सहा अंडी घ्यायचे.

"बलकांचं काय करता?" मी जेवताना विचारलं.

"मांजराला."

"सहाही?"

"मांजर खातं त्याला मी काय करू?"

"तुम्ही नाही ना खात?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुला काय वाटतं, मला नळी हवी आहे?"

"मला काय वाटायचंय. वजन बोलतंय."

"वजनाला म्हणावं, मी पाच आठवडे खोडरबर खाल्लंय. त्याची काहीतरी लाज ठेव."

मग आम्ही दोघं दोन दिवस एकमेकांशी फक्त ग्रॅममध्ये बोललो. बुधवारी सकाळी घरच्या काट्यावर पंचेचाळीस तीनशे. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात शनिवारी. मधे दहा दिवस, आणि तीनशे ग्रॅम. तीनशे ग्रॅम म्हणजे किती, ते मला आता काट्याशिवाय कळत होतं. दोन बटाटे.

हे दुकानात गेल्यावर अर्ध्या तासानं मी निघाले. दुकान दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावरची एकच लांबट खोली. पुढे काचेचं दार, मागे बोळात उघडणारं लाकडी. मी गुडघे दुखायला लागेपर्यंत तीस वर्षं तिथंच फर्मे दुमडलेत आणि शिवलेत, त्यामुळे दार न वाजवता आत कसं शिरायचं ते मला माहीत होतं.

"आज इकडे कुठे?" हे म्हणाले.

"डबा विसरलात."

"डबा हा काय, इथंच आहे."

"मग चमचा विसरलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि सगळं समजून म्हणाले, "बस. तुझं स्टूल तिथंच आहे. झडती घ्यायची तर शिकंज्याखालीही बघ. तिथं एक कोंबडी लपवलीय."

मी बसले. अंडी फुटली. पांढरं काचेच्या भांड्यात गेलं, बलक वाटीत. माझे डोळे वाटीवर. हे वाटी घेऊन मागच्या दाराशी गेले, बशीत ओतली, आणि पायरीवर वाट बघत बसलेलं मांजर पुढे आलं. ते एवढं गुबगुबीत झालं होतं की चालताना त्याचं पोट पायरीला घासत होतं. सहाच्या सहा बलक त्यानं माझ्यासमोर चाटूनपुसून संपवले, मग माझ्याकडे बघून मिशा साफ केल्या. ह्यांनी बशी धुतली, हात साबणानं धुतले, आणि कामाला बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्संच्या केकवर आळ घेतला, नवऱ्याच्या शब्दावर घेतला, आणि समोर काय, तर जाडं मांजर. तरी उठावंसं वाटेना, कारण घरी जाऊन करायचं काय होतं? पुन्हा मासा. म्हणून बसून राहिले, त्यांचं काम बघत.

काम सुंदर करतात हे. पुस्तक शिकंज्यात आवळून कणा वर धरलेला. ब्रश भांड्यात बुडवला, काठाला निपटला, ओठांत घेऊन टोक काढलं, अक्षराच्या जागी फिरवला. पुन्हा भांड्यात, काठाला, ओठांत, कण्यावर. भांडं, काठ, ओठ, कणा. एक नाव संपलं. वर्ख ठेवला. ठसा दाबला. पुढचं पुस्तक. भांडं, काठ, ओठ...

किती वेळ गेला असेल कुणास ठाऊक. मी चाळीस वर्षं हे बघत आलेय. गल्लीतला आवाज जसा ऐकू येऊनही ऐकू येत नाही, तसं ते होतं. त्या दिवशी मी ताटावर पाळत ठेवायला बसले होते, म्हणून माझी नजर तोंडावर होती. नाहीतर आजही दिसलं नसतं.

मी मोजायला लागले. पाच पुस्तकं होईपर्यंत ब्रश त्रेसष्ट वेळा तोंडात गेला.

"अहो."

"हं."

"ब्रश कुठे गेला होता आत्ता?"

"कुठे म्हणजे? भांड्यात."

"भांड्यानंतर."

"कण्यावर."

"त्याच्या मधे."

त्यांनी हातातल्या ब्रशाकडे असं पाहिलं, जसं कुणीतरी तो परस्पर त्यांच्या बोटांत खोचून गेलंय. मग ओठांवरून जीभ फिरवली. मग जीभ फिरवली हे लक्षात येऊन तोंड मिटलं.

"हे काय खाणं आहे का?" ते म्हणाले.

"मला नका विचारू. पोटाला विचारा."

"टोक काढायला घेतो मी ते. गिळत नाही काही."

"मग थुंकता कुठे?"

त्यांनी ब्रश भांड्यावर आडवा ठेवला.

खरं सांगायचं तर चूक त्यांची एकट्याची नव्हती. ग्रॅमबाईनं केक विचारला, बिस्किट विचारलं. कामाचं अंडं आमच्या डोक्यात अंडं नव्हतंच. ते खळीच्या आणि सुतळीच्या फळीवरचं सामान. खळ खातो का, असं कुणी विचारलं असतं, तर जसं हसलो असतो, तसंच ह्याला हसलो असतो.

पण मला अजून एक गोष्ट खुपत होती. मग तिसऱ्या आठवड्यात बरं का वाटलं? ब्रश तर तेव्हाही होताच. मी पिशवीतून वही काढली. मासा, दोन रेघा. मासा, पोट शांत. आणि खाली 'इतर त्रास' ह्या रकान्यात, सोमवार: सुई टोचली. मंगळवार: बोट सुजलं. गुरुवार: बोट बरं, अंगठ्याला टोचली.

"अहो, माशांच्या आठवड्यात तुम्ही सोन्याचं काम करत होतात की शिवत होतात?"

"शिवत होतो. वर्ख संपला होता ना. पार्सल आठ दिवस आलं नव्हतं."

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचली, घड्या दाबायच्या हाडाच्या पट्टीनं त्या ओळीखाली हलकेच रेघ ओढली, आणि म्हणाले, "म्हणजे मासा उगीच."

"मासा उगीच," मी म्हटलं. एकवीस जेवणांचा मासा उगीच. माझ्या हातांना अजून वास येत होता.

तिथूनच ग्रॅमबाईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. आधी तिला ते नीट कळेना, मग तिनं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"आजी, दिवसातून किती वेळा?"

"नुसत्या पाच पुस्तकांत त्रेसष्ट."

"इतक्या थोड्यानं त्रास होतो की नाही, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. एखाद्याचं पोट तेवढंही सोडत नाही. पण अंडी बंद नव्हती, हे नक्की. आता पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे आज आठवडा पहिला. पुन्हा सहा."

"आणि डॉक्टरांची तारीख?"

"ती तीच राहील, आजी."

फोन ठेवल्यावर मी स्टुलावर तशीच बसले. पाच आठवडे खोडरबर, धागे, मासे, तोललेलं गाजर, आणि सगळं खात्यात शून्य. हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. ते म्हणाले, "तू रडलीस तर मी ब्रश पुन्हा तोंडात घालीन."

"मी रडत नाहीये. मला राग आलाय."

"मग ठीक आहे."

ब्रश तोंडात न घालणं, हे बोलायला सोपं. त्याच दुपारी त्यांनी भांड्याशेजारी ओली कापडी घडी ठेवली, टोक त्यावर काढायला. तीन वेळा घडीवर, चौथ्यांदा तोंडात. मी ओरडले. पाच वेळा घडीवर, सहाव्यांदा तोंडात. हाताला कुठे डोळे असतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या तोंडाला दवाखान्यातला मास्क बांधला. संध्याकाळपर्यंत मास्क समोरून पुठ्ठ्यासारखा कडक झाला, ब्रशाचे केस विस्कटले, आणि एका कण्यावरच्या वर्षात सातच्या जागी एक दिसायला लागला. ह्यांनी तो कणा सोलून काढला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दुकानात शिवी देताना ऐकलं.

"तयार द्रावण आणूया का बाजारातून?" मी विचारलं.

"एकशे साठ खंडांपैकी नव्वदांवर एक झळाळी आणि सत्तरांवर दुसरी? वाचनालयवाले आंधळे आहेत का?"

"मग उठा."

"कुठे?"

"खुर्चीवरून. पांढरं मी लावते. वर्ख आणि ठसा तुमचा."

त्यांनी मला वर-खाली पाहिलं. "तुझे हात थरथरतात."

"तुमचं वजन थरथरतंय. उठा."

तर असं ठरलं. अंडी फोडणं माझं, फेटणं माझं, लावणं माझं. हे समोरच्या बाजूला, हात लांब, तोंड लांब. पहिल्या दिवशी माझी एक रेघ वाकडी गेली, तर ह्यांनी दोनदा खाकरलं. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी दुकानात शांतता होती. चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, पोट दुखलं नाही. मंगळवारीही नाही. मी कुणाला बोलले नाही. एकदा मासा करून चांगलीच पोळले होते.

मधेच वन्संकडे खाली जाऊन आले. जावं लागलंच.

"वन्सं, चुकलं माझं."

"ते मला केव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या, आणि सगळी हकीकत ऐकून वर म्हणाल्या, "बाबाही ब्रश असाच तोंडात घालायचे. मी तेव्हाच म्हटलं होतं." त्यांनी तेव्हा काहीही म्हटलं नव्हतं. पण मी 'हो' म्हणून आले.

शनिवारी दवाखान्यात काट्यावर चढायच्या आधी मला ह्यांची चाल थोडी जड वाटली.

"खिसे रिकामे करा."

"कशाला?"

"करा."

कोटाच्या एका खिशातून हाडाची पट्टी आणि कातर निघाली. दुसऱ्यातून शिशाचा ठोकळा, पानं दाबून ठेवायला वापरतात तो, चांगला अर्धा किलोचा. नर्स दुसरीकडे बघायला लागली.

"नळी नको म्हणून," हे पुटपुटले.

"किती दिवसांपासून?"

"आजच. शप्पथ. घरी फक्त पट्टी असायची."

मी ते सगळं माझ्या पिशवीत टाकलं. माझा खांदा जड झाला, त्यांचं अंग हलकं झालं, आणि ते काट्यावर चढले. आकडा हलला, थांबला, पुन्हा हलला. मी आकड्याकडे बघत नव्हते, त्यांच्या हातांकडे बघत होते. बोटं पँटच्या शिवणीवर उघडझाप करत होती.

"सेहेचाळीस शंभर," नर्स म्हणाली.

डॉक्टरांनी वही चाळली, ब्रशाच्या पानावर थांबले, ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "भरतीची गरज नाही आत्ता. पथ्य चालू ठेवा. महिन्यानं या."

जिन्याच्या त्याच वळणावर हे थांबले.

"म्हणजे अंडंच होतं."

"दिसतंय तरी तसं. सहा आठवडे झाल्यावर ग्रॅमबाई अर्धं उकडलेलं देऊन बघणार आहे. मग पक्कं कळेल."

"अर्धं," ते म्हणाले. कठडा धरून चार पायऱ्या उतरले. "आज काय आहे जेवायला?"

"टोफू."

"खोडरबर," त्यांनी दुरुस्त केलं. "मिरपूड जरा सढळ हातानं टाक."

अजून तीस खंड बाकी होते, म्हणून घरी न जाता दुकानातच गेलो. मी अंडी फोडली, मांजराला बशी दिली, पांढरं गाळलं आणि ब्रश घेतला. बारीक अक्षर होतं, मन लावून चाललं होतं. भांडं, काठ, घडी, कणा. भांडं, काठ...

टक.

हाडाची पट्टी टेबलावर आपटली. मी वर पाहिलं. ब्रश माझ्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता, आणि समोर हे बसले होते, कित्येक महिन्यांत दिसले नव्हते इतके खुशीत.

"खाली," ते म्हणाले.

"मला अंडं चालतं."

"तुला चालत असेल. दुकानात बंद आहे."